रेझिस्टर आधी की नंतर?

मंडळी, मी मराठीचा मास्तर. ओहमचा नियम माझ्या वाट्याला आला तो परीक्षेत पर्यवेक्षण करताना मुलांच्या उत्तरपत्रिकांत डोकावून, तेवढाच. तेव्हा "आता काका विज्ञानही शिकवणार का?" असं नातेवाइकांपैकी कुणी म्हणणार असेल तर खुशाल म्हणा. पण गेल्या आठवड्यात जे पाहिलं त्याने डोकं फिरलंय.

नात नववीत आहे. ओहमच्या नियमावरच्या गणितांत पैकीच्या पैकी. तिने आकाशकंदिलासाठी लाल एलईडी आणला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला सरळ जोडला. क्षणभर झगझगला आणि गेला. दुसराही गेला. म्हणाली, "आजोबा, दुकानदाराने खराब दिले."

मी म्हटलं, अगं, मध्ये रेझिस्टर लागतो ना? (एवढं मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माजी विद्यार्थ्यामुळे ठाऊक.) तिने वही काढली. रोध म्हणजे विद्युतधारेला होणारा अडथळा. खाली दहा गणितं. आणि वर बाईंनी सांगितलेलं, की रेझिस्टर एलईडीच्या आधीच लावायचा, नंतर लावला तर वीज आधीच एलईडीत घुसते!

घुसते म्हणजे काय? वीज म्हणजे काय लोकलमधली गर्दी आहे?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "कितीचा?" पोरीला उत्तर येईना. गणित मात्र तिने काउंटरवरच केलं. लाल एलईडीला लागतात साधारण २ व्होल्ट, उरले ७. धारा हवी १५ मिलिअँपिअरच्या आसपास. भागाकार ४६७. "मग ४७० घ्या, पाव वॉटचा," दुकानदार म्हणाला. वहीतल्या उत्तराला दोन पाय असतात आणि अंगावर रंगाचे पट्टे, हे तिला त्या क्षणी कळलं. पिवळा चार, जांभळा सात, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. शेवटचा सोनेरी पट्टा सांगतो की किंमत पाच टक्के इकडेतिकडे असू शकते.

या रंगांसाठी कॉलेजातली पोरं इंग्रजीत एक अचकट-विचकट वाक्य पाठ करायची म्हणे. यमाताराजभानसलगम् घोकलेल्या माणसाला त्याची काय गरज? का-त-ला-ना-पि-हि-नि-जां-रा-पां. काळा शून्य, पांढरा नऊ. झालं.

घरी येऊन रेझिस्टर आधी एलईडीच्या या बाजूला लावला, मग त्या बाजूला. उजेड तस्साच! अहो, बागेतली रबरी नळी तोंडाशी दाबा नाहीतर नळाशी, पाणी सगळ्याच नळीतून कमी वाहतं. एकाच वाटेच्या सर्किटमध्ये धारा सगळीकडे सारखी असते, रेझिस्टर ती गिळत नाही. साध्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे ती स्वतःला आवरते. एलईडीला ते जमत नाही. दोन व्होल्टच्या थोडं वर जाताच धारा भलतीच वाढते आणि तो जळतो. म्हणून बाहेरून आवरणारा हवा. ७ व्होल्ट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात हे खरं, आणि ते थोडे नाहीत. पण एलईडी टिकतो तो त्यामुळेच. (आयुष्यातही रोध हवाच, असा सुविचार कृपया कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.)

राग याचा येतो की ओहम स्वतः शाळामास्तर होता! कुलुपं बनवणाऱ्याचा मुलगा, जर्मनीत कोलोनला शिकवायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, मोजून त्याने नियम शोधला, १८२७ मध्ये पुस्तक काढलं, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोपली पदक दिलं. त्या माणसाचा नियम आपण भागाकाराचा सराव म्हणून शिकवतो. "साहित्य नाही" ही सबब मला सांगू नका. दोन रेझिस्टर, दोन एलईडी, एक बॅटरी. शाळेच्या एका स्नेहसंमेलनाच्या हारतुऱ्यांत सगळ्या नववीला पुरेल.

असो. सोमवारी नात दोन्ही सर्किटं एका पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात नेणार आहे. तिला बजावलंय, बाईंशी वाद घालायचा नाही. फक्त दोन्ही दिवे लावायचे आणि विचारायचं, यातल्या कुठल्या दिव्याच्या आधी रेझिस्टर आहे?