तीन सिलिंडर, चार सायलेन्सर आणि एक राजदूत

कुंभवली नाक्याजवळच्या एका गॅरेजात, ऑइलच्या डागांनी काळवंडलेल्या भिंतीवर, जुन्या कॅलेंडरातून कापलेले एका मोटारसायकलचे चित्र लावलेले आहे. जपानी बनावटीची ती सुझुकी पुढून, किंचित तिरक्या कोनातून टिपलेली. दोन्ही अंगांना दोन दोन असे चार सायलेन्सर. ‘चार सिलिंडरची गाडी दिसते,’ असे आम्ही सहज बोलून गेलो. मिस्त्रींनी मानही वर केली नाही. म्हणाले, ‘सर, मागचे नळकांडे मोजू नका. इंजिनातून नळ्या निघतात किती, ते बघा.’ पाहिले तर तीनच! मधल्या नळीला खाली फाटा फुटून तिच्या दोन झालेल्या.

पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हांला ही चपराक पुरेशी होती. वरवरच्या खुणांवरून कर्तृत्व ठरवू नये, हे विद्यार्थ्यांना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि इथे चार नळकांडी दिसताच फसलो. त्या दिवसापासून ह्या तीन सिलिंडरच्या गाड्यांविषयी आम्ही जमेल तसे वाचत गेलो. एक गोष्ट मनात ठसली. ओळख पटवणे आणि आस्वाद घेणे ह्या दोन वेगळ्या क्रिया नाहीत. जे ओळखता येत नाही, त्याचे कौतुक हे बहुधा आपल्याच कल्पनेचे कौतुक असते.

ज्या १९६९ साली तारापूरच्या अणुकेंद्रातून वीज मिळू लागली, त्याच साली कावासाकीची ‘एच-१’ जगाच्या रस्त्यांवर धावू लागली होती. ४९८ घनसेंटीमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, आडवे मांडलेले तीन सिलिंडर आणि ६० अश्वशक्ती. तिची खूण म्हणजे असमतोल: उजवीकडे दोन सायलेन्सर, डावीकडे एक. तीन ही विषम संख्या आहे, हे तिने लपवले नाही. सुझुकीचा स्वभाव निराळा. ‘जीटी’ मालिकेतल्या ३८०, ५५० आणि ७५० ह्या तिन्ही गाड्यांत मधल्या सिलिंडरचा धूर दोन वाटांनी बाहेर काढला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. ३८० आणि ५५०च्या सिलिंडरांवर वारा खेचणारे झाकण. ७५०ला पुढे पाण्याचा रेडिएटर. प्रश्न तोच, तीन सिलिंडरांचे काय करायचे, उत्तरे दोन. शैली म्हणतात ती हीच. आणि डोळे मिटले तरी ओळख राहतेच. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटतो. तीन सिलिंडर समान अंतराने पेटत असल्याने त्यांचा आवाज सुटा सुटा न येता सलग गुणगुणल्यासारखा येतो, असे जाणकार सांगतात.

१९७३चा तेलप्रश्न आणि पुढे अमेरिकेतले धुराचे निर्बंध ह्यांत ही जात संपली. आपल्याकडे तर आयातीवरील बंधनांमुळे ती सामान्य माणसाच्या अंगणात कधी आलीच नाही. ती चित्रातच राहिली. आणि आमच्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. चित्रातल्या गाडीवर जडलेले प्रेम दारातल्या गाडीचे काय करते?

त्याच गॅरेजात, त्याच चित्राखाली, एक ‘राजदूत ३५०’ उघडून ठेवलेली होती. तीन नव्हे, दोन सिलिंडरांची. पण आपल्याकडे त्या जपानी टू-स्ट्रोक घराण्याचा जो अंश आला, त्यातला सर्वांत दमदार हाच. यामाहाच्या ‘आरडी ३५०’वरून एस्कॉर्ट्सने १९८३पासून ती भारतात बनवली. सहा गिअर तेच, ३४७ घनसेंटीमीटर तेच. मात्र पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आला आणि इथल्या पेट्रोलच्या चिंतेपायी ताकद उतरवली गेली. तरीही ती फार पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाके मुरडली आणि ते दशक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. आज तिला सोन्याचा भाव आहे.

औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या तिच्या तरुण मालकाची इच्छा साधी होती. टाकीवरचे ‘राजदूत’ काढून ‘यामाहा’ लावायचे, ड्रम काढून डिस्क बसवायची, रंग परदेशी छायाचित्राप्रमाणे द्यायचा. ‘काका, एकदम ओरिजिनल झाली पाहिजे,’ असे तो मिस्त्रींना बजावत होता. ओरिजिनल! जे मुळात होते ते पुसून, जे कधीच नव्हते ते आणणे, ह्याला आपण आज मूळपण म्हणू लागलो आहोत.

आम्ही साहित्याची माणसे. आम्हांला आठवले ते आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०). पहिल्याच्या मागे ‘हॅम्लेट’ आहे, दुसऱ्याच्या मागे ‘ऑथेल्लो’. म्हणून कोणी त्यांची मुखपृष्ठे फाडून शेक्सपिअरचे नाव चिकटवत नाही. मूळ कृतीपासून ती जिथे ढळतात, तिथेच त्या काळचे मराठी मन दिसते. राजदूतचा ड्रम ब्रेक हा असाच एक पाठभेद आहे. त्यात त्या काळच्या भारताची ऐपत, पेट्रोलची काळजी आणि तरीही वेगाची हौस लिहिलेली आहे. तो खोडणे म्हणजे भाषांतराने स्वतःची लाज बाळगणे.

प्रतिवाद आम्हांला ठाऊक आहे. तो ब्रेक त्या वेगाला अपुरा पडतो, आणि जीव पाठभेदाहून मोलाचा आहे. मान्य! डिस्क बसवावी, पण बदल बदल म्हणूनच दिसावा. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांनी आपण काय केले, केव्हा केले, हे शेवटी नोंदवले आणि पुढच्यांना स्वतःच्या ओव्या घुसडू नका असे बजावले. शके १५०६चे हे संपादकीय तत्त्व गॅरेजलाही लागू पडावे. काढलेला भाग जपावा, लावलेला भाग लपवू नये.

हा निव्वळ रसिकतेचा मुद्दाही नाही. जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते. पहिल्या राजदूत ३५० ह्या वयाला २०३३ साली पोचतील. तेव्हा मूळ रूप कोणते ठरायचे? भारतात नोंदलेल्या राजदूतचे, की चित्रातल्या यामाहाचे? उत्तर उघड आहे. पण तोवर मूळ रूपातल्या राजदूत उरतील किती?

आम्ही हे सारे त्या तरुणाला सांगितले नाही. गाडी त्याची आहे. मिस्त्रींना मात्र विनंती केली, की काढलेले जुने चाक आणि टाकीवरचे नाव भंगारात देऊ नका. त्यांनी फळीवरच्या एका गोणीकडे बोट दाखवले. ‘सर, ते मी आधीच बांधून ठेवलंय. गाडीचा नंबर पण लिहिलाय वर.’

तळटीप लिहिण्याची ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती.