मोठ्या बाई प्रशिक्षणाला जाऊन आल्या, पुढे काय?



घाटकोपरच्या आमच्या वस्तीतली एक ताई शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. स्वतः सातवी शिकलेली, चार घरची धुणीभांडी करते. मागच्या सभेत तिला कळले की मोठ्या बाई नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या. फाईल आली, प्रमाणपत्र आले, फोटोही लागला. ताई मला म्हणाली, "दादा, ते सगळं खरं. पण माझ्या चौथीतल्या पोरीला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याचं काय?"

नेतृत्व म्हटले की आपल्याला सभा-मोर्चे आठवतात. शाळेतले नेतृत्व साधे असते. मुख्याध्यापकाने वर्गात जाऊन बसायचे, कोणते पोर मागे पडले ते शिक्षकाशी बोलायचे, नव्या शिक्षकाला सांभाळून घ्यायचे, गैरहजर मुलाच्या घरी निरोप धाडायचा. हे शिकवायला २०१२ साली दिल्लीत राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र निघाले. २०१९ साली 'निष्ठा' कार्यक्रम आला, त्याचे उद्दिष्ट ४२ लाख शिक्षक-मुख्याध्यापकांचे होते. आकडा छाती दडपवणारा आहे, पण तो प्रशिक्षणाला किती जण बसवायचे याचा आहे. शाळेत काय बदलले, ते त्यातून कळत नाही.

अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. आवडले का, शिकले का, वागणे बदलले का, आणि शेवटी फळ काय मिळाले. आपल्या आयाबायांना हे नवे नाही. शिवणक्लासचे सर्टिफिकेट मिळाले तरी ब्लाउज अंगाला बसतो की नाही, हेच त्या बघतात. शाळांच्या बाबतीत मात्र शेवटच्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात, जेवण बरे होते, व्याख्यान छान झाले, आणि पहिल्याच पायरीवर काम थांबते.

मध्य प्रदेशातला एक दाखला सांगतो. तो नुसत्या प्रशिक्षणाचा नाही, शाळेचा कारभार सुधारण्याचा आहे. तिथे १,७७४ शाळा चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडल्या. प्रत्येक शाळेची तपासणी झाली, गुण दिले, सुधारणेचा आराखडा बनला. कागद जवळजवळ सगळ्यांनी पूर्ण केले. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी नंतर मोजले, तर शाळेच्या चालण्यात किंवा मुलांच्या शिकण्यात फरक नाही! आराखड्याप्रमाणे काम झाले की नाही याचा जाब कोणाला द्यावा लागत नव्हता. तरीही तो कार्यक्रम देशातल्या ६ लाखांवर शाळांत नेला. मोजमाप हाती असून पाहिले नाही, तर ते कशाला करायचे?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक मागितले, त्यांना बरा पगार मागितला. त्यासोबत असेही सांगितले की वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी हवी, आणि अधूनमधून न कळवता भेट द्यावी. शिकवा आणि मग जाऊन बघा, दोन्ही एकत्र.

मोठ्या बाईंवर सगळा राग काढणे मला पटत नाही. निवडणूक, जनगणना, रोजची माहिती भरणे, यातून वर्गात बसायला वेळ कुठला? तो न देता पाठवलेले प्रशिक्षण फाईलमध्येच राहते. ही गोष्ट वरच्या साहेबांना विचारायची.

आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख करणे आणि विकास आराखडा करणे हे समितीचेच काम. अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, नुसती सही करून घरी येऊ नका.

ताईला मी म्हणालो, पुढच्या सभेत भांडू नकोस. एवढेच विचार की प्रशिक्षणातून आल्यापासून मोठ्या बाई किती वेळा वर्गात बसल्या, आणि चौथीतली किती मुले आज परिच्छेद वाचतात. उत्तर वहीत लिही. सहा महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा जा. तिने लेकीची कोरी वही काढून ठेवली आहे, सभा शनिवारी आहे.