ब्रिटिश विनोद : एकट्या प्रतिभावंताची दंतकथा

१/ ५ ऑक्टोबर १९६९ रोजी बीबीसीवर ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ सुरू झाले आणि ब्रिटिश विनोद एका रात्रीत बदलला, असे सांगितले जाते. कथा आकर्षक आहे. पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. शिवाय, तिच्यापायी अनेकांचे श्रेय बुडाले आहे. #थ्रेड

२/ सुरुवात रेडिओपासून करावी लागते. १९५१ मध्ये बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ची मंडळी अवतरली : स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि आरंभी मायकेल बेन्टीन. यांतील मिलिगन यांचा जन्म १९१८ चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश लष्करात असल्याने त्यांचे बालपण पुणे आणि रंगून येथे गेले.

३/ मिलिगन यांना ‘एकहाती क्रांती’ करणारे म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुस्थिती अशी की, दर आठवड्याला नवी संहिता लिहिण्याच्या ओझ्याखाली त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले होते. लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांनी लेखनाचा मोठा भार उचलला. ही नावे आज किती जणांच्या ओठी आहेत?

४/ १९५४ मध्ये मिलिगन, साइक्स, रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन यांनी लेखकांची स्वतःची संस्था उभारली : असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स. कचेरी शेफर्ड्स बुश भागात, भाजीपाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर. पुढच्या दशकातील ब्रिटिश विनोदाचा केवढा तरी भाग त्या माळ्यावरून उतरला.

५/ त्याच वर्षी गॅल्टन-सिम्पसन यांचे ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ रेडिओवर आले. नायक टोनी हॅन्कॉक. पण त्यांच्या त्रासिक, बढाईखोर व्यक्तिरेखेला धार आली ती भोवतालच्या सिड जेम्स, बिल केर, केनेथ विल्यम्स आणि हॅटी जॅक्स यांच्यामुळे. चिडवणारा नसेल तर चिडणारा हसवणार कसा?

६/ हॅन्कॉक यांना मात्र एकट्याने उभे राहायचे होते. सहकलाकार एकेक करून दूर झाले. १९६१ च्या मालिकेत जेम्सही उरले नाहीत. मग गॅल्टन-सिम्पसन यांच्याशीही फारकत झाली. १९६८ मध्ये सिडनी येथे हॅन्कॉक यांनी जीवन संपवले. मद्यासक्ती, नैराश्य अशी कारणे अनेक होती. परंतु लेखकांपासून वेगळे झाल्यावर त्यांना पूर्वीची उंची गाठता आली नाही, हे निर्विवाद.

७/ आणि ते लेखक? १९६२ मध्ये त्यांनी ‘स्टेप्टो अँड सन’ लिहिली. भंगारवाले बाप-लेक, मुख्य भूमिकांत विनोदी ‘स्टार’ नव्हे तर विल्फ्रिड ब्रॅम्बेल आणि हॅरी कॉर्बेट हे अभिनेते. मालिका अफाट गाजली. ज्यांना ‘हॅन्कॉक यांचे लेखक’ म्हटले जाई, त्यांचे नाणे स्वतःच्या बळावर खणखणले.

८/ इतर धागेही तुटले नाहीत. जेम्स, विल्यम्स आणि जॅक्स ‘कॅरी ऑन’ चित्रपटांत पुन्हा एकत्र आले. विल्यम्स रेडिओवर ‘राउंड द हॉर्न’मध्ये (१९६५–६८) चमकले. त्याचे प्रमुख लेखक बॅरी टुक आणि मार्टी फेल्डमन. ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

९/ १९६६ च्या ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’साठी क्लीझ, चॅपमन, आयडल, जोन्स आणि पेलिन हे भावी पायथन आधीच लिहीत होते, फेल्डमनही तेथे होते. १९६७ मध्ये क्लीझ, चॅपमन, फेल्डमन आणि टिम ब्रुक-टेलर यांनी ‘ॲट लास्ट द १९४८ शो’ केला. त्याच वर्षी पेलिन, जोन्स आणि आयडल ‘डू नॉट ॲडजस्ट युवर सेट’मध्ये झळकले.

१०/ श्रेय कसे सरकते याचा ठळक दाखला म्हणजे ‘फोर यॉर्कशायरमेन’ हे प्रहसन. जग त्याला पायथनचे मानते. मुळात ते ‘१९४८ शो’चे; ब्रुक-टेलर आणि फेल्डमन त्याचे सहलेखक. दोघेही पायथन नव्हते. गाजलेल्या नावाने शेजाऱ्याचे श्रेय गिळले, तेही कोणी चोरी न करता!

११/ पायथनच्या आधी, १९६९ च्या मार्चमध्ये, मिलिगन यांचे ‘क्यू५’ आले होते. प्रहसन मध्येच सोडून देण्याची मुभा तेथे दिसली. त्याचे दिग्दर्शक इयान मॅकनॉटन पुढे पायथनच्या बहुतेक भागांचे दिग्दर्शक झाले. पायथनना बीबीसीपर्यंत नेण्यात वाटा कोणाचा? बॅरी टुक यांचा. पायथन मंडळींनी मिलिगन यांचे ऋण कधी लपवले नाही; ते लपवले भक्तांनी.

१२/ सर्वांत मोठा अन्याय स्त्री-कलाकारांवर झाला. ‘आय ॲम सॉरी, आय विल रीड दॅट अगेन’ या रेडिओ कार्यक्रमात क्लीझ, ब्रुक-टेलर, गार्डन, ऑडी आणि हॅच यांच्यासोबत जो केंडल होत्या. स्त्रियांचे बहुतेक आवाज त्यांनीच पेलले. ‘डू नॉट ॲडजस्ट’मध्ये डेनिस कॉफी होत्या. पुरुष सहकारी दंतकथा झाले. या दोघी तळटीप.

१३/ या जाळ्याचेही उदात्तीकरण नको. केंब्रिजच्या फूटलाइट्स क्लबने १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले नव्हते. ज्या ओळखींनी काहींना वर नेले, त्याच ओळखींनी इतरांसाठी दार बंद ठेवले. एकट्या प्रतिभेची कथा हे दारही झाकते.

१४/ ‘मग प्रतिभा नव्हतीच का?’ असा आक्षेप येईल. होती, आणि विपुल होती. पण तिला माळा लागला, रेडिओ लागला, सहलेखक लागले, उलट उत्तर देणारा जोडीदार लागला. एका हाताने टाळी वाजत नाही. विनोद तर मुळीच नाही.

१५/ नगरच्या मिलिगन यांचा अभिमान मराठी माणसाने जरूर बाळगावा. त्यांच्या नावाशेजारी साइक्स आणि स्टीफन्स ही नावे लिहिल्याने तो उणावत नाही. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचणे हा इतिहासाचा किमान शिष्टाचार आहे. (समाप्त)