पडिलेहण वृद्धनिवासाचे



आपले साधू-साध्वी सकाळ-सायंकाळ वस्त्रे व पात्रे उलगडून बारकाईने न्याहाळतात. या पडिलेहणामागे कोणाविषयी संशय नसतो. आपल्या नकळत एखाद्या सूक्ष्म जीवास पीडा होऊ नये, एवढाच हेतू असतो. वृद्धनिवासाची तपासणीही याच भावनेने व्हावी.

गेल्या दिवाळीनंतर परिचयातील एका आजींना भेटावयास अशाच एका निवासात गेलो होतो. आजींना चौविहाराचा नियम. उन्हाळ्यात साडेसहाचे भोजन सूर्यास्तापूर्वी मिळे. पुढे दिवस लहान झाले, भोजनाची वेळ मात्र तीच राहिली. आजी ताट तसेच परत पाठवीत आणि उपाशी निजत. नोंदवहीत दररोज 'भोजन दिले' अशी खूण होती. खोटे कोणीच लिहिले नव्हते. परंतु आजी जेवल्या की नाही, हे कोणी पाहिले नव्हते.

इंग्लंडमध्ये २००९ पासून 'केअर क्वालिटी कमिशन' ही संस्था अशा निवासांची तपासणी करते. निरीक्षक बहुधा पूर्वसूचना न देता येतात आणि पाच प्रश्न मनात धरून पाहतात. येथे माणूस सुरक्षित आहे का? सेवेचा खरोखर उपयोग होतो का? वागणुकीत माया आहे का? ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे सेवा बदलते का? कारभार नीट चालतो का? ते औषधांच्या नोंदी तपासतात. रहिवासी, नातेवाईक व सेवक यांच्याशी बोलतात. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना मनातले सांगता येत नाही, त्यांच्यापाशी काही वेळ बसून त्यांना कसे वागविले जाते, हे टिपण्याचीही पद्धत आहे. शेवटी चार श्रेणींपैकी एक मिळते आणि ती दर्शनी भागात लावणे बंधनकारक असते.

तरीही २०२४ साली डॉ. पेनी डॅश यांनी केलेल्या शासकीय आढाव्यात या संस्थेचेच दोष उघड झाले. कित्येक ठिकाणांना कधीच श्रेणी मिळाली नव्हती, तर कित्येकांची श्रेणी फार जुनी झाली होती. म्हणजे निरीक्षक आवश्यक आहे, पण पुरेसा नाही.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने राज्यांनी जिल्होजिल्ही निराधार वृद्धांसाठी निवास उभारावेत, असे सांगितले. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात निवासांची नोंदणी व किमान दर्जा सुचविला होता. ते विधेयक संमत झाले नाही. दुकानातील वजनकाट्याची पडताळणी मुदतीत करून घेणारे आपण, आई-वडिलांच्या निवासाबाबत मात्र कोणाच्या तरी शब्दावर विसंबतो.

म्हणून पाहणी आपणच करावी. न कळविता जावे. एकदा सकाळी, एकदा सायंकाळी, एकदा सणाच्या दिवशी. न्हाणीघरात धरावयास दांडा आहे का, फरशी कोरडी असते का, हे पाहावे. घंटा वाजवून कोण किती वेळात येते, ते मोजावे. रात्री किती वृद्धांमागे किती सेवक असतात, हे विचारावे. अग्निशामक नळकांड्यावरील तारीख वाचावी. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावीत. दरमहा वजन घेतात का, याची चौकशी अवश्य करावी. घटणारे वजन नोंदवहीतील खुणांपेक्षा खरे बोलते. पाणी गाळलेले आहे का, कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांचे ताट वेगळे होते का, सामायिकासाठी शांत कोपरा आहे का, हेही पाहावे. आणि मग आपल्या माणसाशी, जवळ कोणी नसताना, निवांत बोलावे.

आपल्या समाजातील अनेक जण अशा संस्थांचे विश्वस्त वा देणगीदार आहेत. खोलीवर नाव कोरले म्हणजे कर्तव्य संपत नाही. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाची रात्र कशी जाते, हे वर्षातून दोन-चार वेळा तरी विचारावयास हवे. वैयावृत्त्याची गणना शास्त्राने अभ्यंतर तपात केली आहे, खर्चात नव्हे.

त्या आजींचे ताट दुसऱ्याच दिवसापासून पाच वाजता येऊ लागले. व्यवस्थापकांनी हात जोडून विचारले, "आधी कोणी सांगितले का नाही?" आजींचे दोन्ही मुलगे दरमहा शुल्क वेळेवर भरत होते. सायंकाळी मात्र कधी आले नव्हते.