इंग्रजीचा तास आणि खेळाचा तास

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजीचा तास सुरू झाला की वर्गात जी शांतता पसरते, ती एकाग्रतेची नसते; भीतीची असते. शिक्षक धडा वाचतात, त्याचा मराठीत अर्थ सांगतात, प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहून देतात आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. महाराष्ट्रात 2000 साली इंग्रजी हा विषय पहिलीपासून अनिवार्य झाला. म्हणजे आज दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींनी दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. एवढ्या काळात त्यांनी हजारो इंग्रजी वाक्ये उतरवलेली असतात. परंतु स्वतःला काही जाणून घ्यावयाचे होते म्हणून इंग्रजीत विचारलेला एकही प्रश्न त्यांतील बहुतेकांच्या गाठीशी नसतो. 2023 सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील 14 ते 18 वयोगटातील सुमारे 57 टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आले आणि वाचू शकणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांना त्याचा अर्थ सांगता आला. हा हिशेब मांडला तर दर पाचांतील तिघे अर्थापर्यंत पोहोचलेच नाहीत, असा निष्कर्ष निघतो. बोलणे तर दूरच.

समाजवादी चळवळीच्या कार्यकर्त्याला हा विषय आपला वाटत नाही, याचे कारण उघड आहे. राममनोहर लोहियांनी इंग्रजी हटविण्याची हाक दिली आणि ती योग्यच होती. राज्यकारभार, न्यायालये आणि उच्च शिक्षण परभाषेतून चालविणे म्हणजे बहुसंख्य जनतेला सत्तेच्या दारातून परतविणे होय. तथापि लोहियांचा विरोध एका भाषेच्या सरंजामी स्थानाला होता. भाषा शिकण्याला नव्हता. त्यांनी स्वतः बर्लिनमध्ये जर्मन भाषा आत्मसात करून तेथेच डॉक्टरेट मिळविली होती. चळवळीत मात्र हा भेद पुसट होत गेला. इंग्रजीचे वर्चस्व नको, याचा अर्थ गरिबाच्या मुलाला इंग्रजी नीट आले नाही तरी चालेल, असा नकळत लावला गेला.

परिणामी वर्चस्व कायम राहिले आणि ज्ञान तेवढे एका वर्गाकडे गेले. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने 1980 च्या दशकाच्या प्रारंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकले. हेतू शुद्ध होता. पण ऐपत असलेल्या घरांनी मुलांना खाजगी इंग्रजी शाळांत घातले आणि पुढे सरकारला टप्प्याटप्प्याने इंग्रजी परत आणावे लागले. बाजार या भाषेची किंमत किती लावतो, हेही पाहण्यासारखे आहे. 2005 च्या देशव्यापी कुटुंब-सर्वेक्षणाच्या आधारे आझम, चिन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, शिक्षण, वय आदी बाबी समान धरल्या तरी अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची मजुरी मुळीच न बोलणाऱ्याच्या मजुरीपेक्षा सरासरी 34 टक्क्यांनी अधिक असते. जमिनीचे फेरवाटप मागणाऱ्यांनी या भांडवलाच्या फेरवाटपाकडे काणाडोळा करावा, हे सुसंगत नाही. शिवाय मराठी शाळेत इंग्रजी नीट शिकविले जात नाही, या एकाच समजुतीपोटी मजुरी करणारे आईबापही कर्ज काढून मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात आणि मराठी शाळेचा पट घसरत जातो. मराठी शाळा टिकवावयाची असेल तर तिच्यातील इंग्रजीचा तास आधी सुधारावा लागेल.

तो सुधारण्याच्या साधनांत खेळ आणि कोडी यांचे नाव घेतले की कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. खेळ म्हणजे करमणूक; ती बालवाडीत ठीक; आठवीनववीतल्या मुलांना काय खेळवायचे? असा आक्षेप घेणाऱ्यांनी एका साध्या खेळाचा विचार करावा. 'रामाने रावणाला मारले' हे मराठी वाक्य 'रावणाला रामाने मारले' असे उलटविले तरी अर्थ बदलत नाही, कारण कोणी कोणाला मारले हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत हे काम शब्दांची जागा करते. आता 'राम', 'किल्ड' आणि 'रावण' अशा तीन चिठ्ठ्या तीन मुलांच्या हाती देऊन त्यांना वर्गापुढे ओळीने उभे करावे आणि पहिल्या-तिसऱ्याला जागा बदलावयास सांगावे. पाहता पाहता रावणाने रामाला मारलेले असते. रामायण उलटे झाले म्हणून वर्ग हसतो. आणि कर्ता, क्रियापद, कर्म हा जो नियम व्याकरणाच्या तासाला पाठ करूनही परीक्षेत हातून निसटतो, तो त्या हसण्याबरोबर मनात उतरतो. मराठी मुलाच्या इंग्रजीतील अनेक चुका आपल्या भाषेचा वाक्यक्रम तिकडे नेल्याने होतात. त्या चुकांचे मूळ दाखविणारे हे कोडे आहे आणि त्याला तीन कागदांपलीकडे खर्च नाही.

दुसरा खेळ वीस प्रश्नांचा. एकाने मनात एक वस्तू धरावी, इतरांनी 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारून ती ओळखावी. डज इट फ्लाय? इज इट बिगर दॅन अ काऊ? कॅन वी ईट इट? प्रश्नार्थक रचनेचा एवढा सराव भाषांतराच्या पाठमाला करकरून होत नाही. तर्खडकरांच्या पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांना इंग्रजी वाचावयास शिकविले हे खरे, आणि तिची थट्टा करणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु तेथे वाक्य लिहावयाचे ते गुरुजींनी सांगितले म्हणून. येथे प्रश्न विचारावयाचा तो उत्तर हवे असते म्हणून. घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ही गरज दिवसभर भासते. शेतमजुराच्या मुलीला ती वर्गाबाहेर कोठेही भासत नाही. तिच्यासाठी ती गरज वर्गातच निर्माण करावी लागते. खेळ करतो ते एवढेच.

हा परदेशी शिक्षणपद्धतींचा छंद आहे, असे कोणी समजू नये. एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांत एक प्रयोग झाला. तो 'बंगलोर प्रकल्प' या नावाने जगभर ओळखला जातो. त्यात व्याकरणाचा क्रमवार पाठ्यक्रमच बाजूला ठेवला होता. मुलांपुढे नकाशे, रेल्वेची वेळापत्रके, दिनदर्शिका आणि तर्काची कोडी ठेवली जात. अमुक गावाहून निघून तमुक वेळेच्या आत पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी? शिक्षक प्रथम साऱ्या वर्गाबरोबर असे एक कोडे इंग्रजीतून बोलत सोडवीत आणि मग तसेच दुसरे कोडे मुलांनी आपापले सोडवावे, अशी रीत होती. लक्ष उत्तराकडे असताना भाषा आपोआप अंगवळणी पडते, हे प्रभूंचे प्रतिपादन. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनाचे निष्कर्ष अनुकूल, पण सावध होते, आणि प्रयोगाबद्दलचे वाद पुढेही चालू राहिले. तरीही येथील कार्यकर्त्याने लक्षात घ्यावे असे त्यात पुष्कळ आहे. आपल्या मुलांना रेल्वेऐवजी एस.टी.चे वेळापत्रक द्यावे, की तालुक्याच्या गावी जाऊन, दाखला काढून, शेवटच्या गाडीने परत यावयाचे आहे. एवढ्या एका कोड्यात विचारावयाचे इंग्रजी भरपूर आहे.

मोठे वर्ग ही खरी अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी 35 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले. नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. 35 मिनिटांचा तास आणि 60 मुलांची तुकडी धरली, शिक्षकांनी स्वतः अवाक्षरही काढले नाही असे मानले, तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी 35 सेकंद येतात. हीच मुले जोडीजोडीने कोडे सोडवू लागली तर प्रत्येकाला सतरा मिनिटे मिळतात. वर्गात गलका होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, मुख्याध्यापक दारात उभे राहतात. पण मुलांनी तोंड उघडल्याशिवाय भाषा येण्याचा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही. जोडीने खेळताना मुले मध्येच मराठीत बोलतात, हाही आक्षेप घेतला जातो. बोलू द्यावे. मातृभाषेतला शब्द तोंडून निघाला म्हणून मुलाला दंड करणाऱ्या शाळांचा कित्ता मराठी शाळेने गिरविण्याचे कारण नाही.

प्रभूंनी गटकार्य मुद्दाम टाळले होते. मुले एकमेकांचे चुकीचे इंग्रजी उचलतील अशी त्यांना शंका वाटे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात तथ्य असेलही. परंतु ज्या समाजात मुले वर्गातही जातीपातीचे अंतर घेऊन बसतात, तेथे गटाचे मोल निराळे आहे. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर वर्गांत तणाव माजला, तेव्हा 1971 साली मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरॉनसन यांनी धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय कोणालाच धडा पुरा करता येऊ नये, अशी ती योजना होती. खेळ निवडताना ही कसोटी लावावी. एकेकाला बाद करीत शेवटी एकच विजेता उरविणारी स्पेलिंगची स्पर्धा आधीच पुढे असलेल्याला आणखी पुढे नेते आणि मागच्याला त्याची जागा दाखविते. ती बाजाराचीच प्रतिकृती आहे. ज्या कोड्याचा अर्धा भाग एकाकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे असतो, त्यात मात्र मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलल्यावाचून पुढच्या बाकावरच्याचे चालत नाही.

खेळांना शासनाची मान्यता नाही, असेही नाही. दहावीच्या इंग्रजीला आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते आणि तिच्या पहिल्याच प्रश्नात शब्दसाखळी पुरी करणे, दिलेल्या शब्दातील अक्षरांपासून नवे शब्द बनविणे अशी कोडी येतात. कल्पना उत्तम होती. पण कोड्याला गुण मिळू लागले आणि मार्गदर्शिकांत तयार शब्दसाखळ्या छापून आल्या. शिकवणीवर्गांत त्या पाठ करून घेतल्या जाऊ लागल्या. पाठ केलेले कोडे हे कोडे राहत नाही. येथे दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे. ज्यांच्यावर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे लादली जातात, ज्यांतील कित्येकांनी विनाअनुदानित तुकड्यांवर वर्षानुवर्षे वेतनाविना शिकविले, त्यांच्याकडून रोज नवा खेळ रचण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. खेळासाठी मोकळा तास, लहान तुकडी आणि निकालाच्या टक्केवारीपासून थोडी मुक्तता लागते. या मागण्या शिक्षकांच्या संघटनांनी आणि पक्षाने मिळून मांडावयाच्या आहेत. त्या मांडल्या जात नाहीत तोवर 'हसतखेळत इंग्रजी'चा धंदा मोबाईलवर वर्गणी घेणाऱ्या कंपन्यांच्या हाती राहील आणि ज्याच्या घरी फोन एकच, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, त्या मुलाला ते हसणेही मिळणार नाही आणि खेळणेही.

खेळाच्या शैक्षणिक सामर्थ्याविषयी समाजवाद्यांनी साशंक असावे, हे तर विशेष नवलाचे आहे. 1941 पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुलामुलींनी जात विसरून एकमेकांचे हात धरले ते व्याख्यान ऐकून नव्हे. मैदानावर खेळताना धरले. त्याच शाखेवर, कलापथकाच्या तालमीआधी, आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास इंग्रजीच्या खेळांना देता येईल. महाविद्यालयात जाणारे दोन युवक पुरेसे आहेत. साहित्यासाठी अर्ज करावा लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू घराघरांतून जमवाव्यात आणि त्यांवर ठळक अक्षरांत शब्द लिहावेत. पहिल्या दिवशी तीन पत्रिका पुरतात: राम, किल्ड, रावण.