कलावंताची खुर्ची गेली कुठं?

१९८३ च्या 'मासूम'मधली चिमुरडी आठवते ना? तीच उर्मिला मातोंडकर. २०१९ ला लोकसभा लढल्या, पडल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यपालनियुक्त आमदारांच्या १२ नावांत त्यांचं नाव गेलं. यादी राजभवनात धूळ खात पडली. २०२२ ला सरकार बदललं अन् यादीच मागे घेतली.

ऑक्टोबर २०२४ ला सात जणांचा शपथविधी झाला. त्यात आपल्या पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज, याचा वाशिमकर म्हणून मला आनंदच. पण घटनेनं या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवेसाठी ठेवल्यात. सातांत कलावंत किती? बोटं मोजून सांगा राव!

उर्मिला आवडो न आवडो. नुसतं 'नाही' म्हणायलाही राज्यपालांना जवळपास दोन वर्षं पुरू नयेत?