शिकागोने मोडलेला डाव

1939 सालच्या डिसेंबरात शिकागो विद्यापीठाच्या विश्वस्तमंडळाने आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ बरखास्त करण्याचा ठराव मंजूर केला, तेव्हापासून आजतागायत अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या धैर्याची तारीफ विद्वानांच्या गोटात अखंड चालू आहे. ज्या देशात विद्यापीठाचे नाव ग्रंथालयापेक्षा क्रीडांगणामुळेच अधिक दुमदुमते, तेथे असा हुकूम काढावयास छाती लागते हे कबूल केलेच पाहिजे. परंतु जे मोडले ते काय होते, आणि कोणत्या घटकेस मोडले, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

विद्यापीठात अध्यापन सुरू झाले त्याच वर्षी, म्हणजे 1892 साली, आद्य अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी येल येथील आपला जुना विद्यार्थी एमॉस अलोन्झो स्टॅग यास केवळ संघाचा प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर अध्यापकवर्गातील कायम नेमणुकीवर आणले. नव्या संस्थेची द्वाही फिरविण्यास फुटबॉलसारखे साधन नाही, हे या हिब्रूच्या पंडिताने अचूक हेरले होते! स्टॅग यांनी एक्केचाळीस मोसम तो संघ सांभाळला, आणि पुढे ‘बिग टेन’ म्हणून विख्यात झालेल्या ज्या संघटनेत शिकागो 1896 पासून संस्थापक सभासद होते, तिचे विजेतेपद सात वेळा मिळविले. या साऱ्या कारकीर्दीत 1905 च्या नोव्हेंबरातील मिशिगनविरुद्धचा सामना अग्रगण्य होय. 56 सामन्यांत अपराजित राहिलेला तो बलाढ्य संघ शिकागोच्या मैदानावर उतरला. बराच वेळ कोणासच गुण मिळेना. अखेर शिकागोने लांब लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या गड्याने आपल्याच गोलरेषेमागे हस्तगत केला आणि तो घेऊन बाहेर निसटू पाहत असता शिकागोच्या खेळाडूंनी त्यास परत रेषेमागे रेटले. अशा कोंडीबद्दल प्रतिपक्षास दोन गुण मिळतात. त्या दोन गुणांवर सामना संपला.

1932 च्या मोसमानंतर, वयाची सत्तरी उलटल्याच्या कारणास्तव, स्टॅग यांस निवृत्त करण्यात आले. त्यांनी निमूटपणे घरी न बसता कॅलिफोर्नियातील एका महाविद्यालयाचा संघ पत्करला, ही त्यांच्या स्वभावाची साक्ष. इकडे उतरती कळा लागली होती, तरीही 1935 साली जे बर्वांगर या शिकागोच्याच खेळाडूस महाविद्यालयीन फुटबॉलमधील त्या सन्मानचिन्हाचा पहिला मान मिळाला, ज्यास पुढे हाइस्मन यांचे नाव देण्यात आले. (मिशिगनकडून खेळणाऱ्या जेराल्ड फोर्ड यांस त्यास अडविताना डोळ्याखाली झालेली जखम राष्ट्राध्यक्षपदापर्यंत वण होऊन सोबत राहिली.)

मग 1939 चा मोसम आला. मिशिगनने 85, हार्वर्डने 61, ओहायो स्टेटनेही 61 गुण केले, आणि या तिन्ही सामन्यांत शिकागोच्या नावे शून्य लागले. ठराव झाला तो यानंतर. तिकिटांच्या उत्पन्नापायी विद्येची होणारी हेळसांड हचिन्स यांनी आधीपासूनच वेशीवर टांगली होती, त्यामुळे त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. तथापि हाच ठराव 1905 सालच्या विजयानंतर मांडला गेला असता तर तो नामंजूर झाला असता, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. हरणारा संघ मोडण्यात विवेक असेल, पण त्यास पराक्रमाची पदवी देणे ही अतिशयोक्ती होय. फुटबॉलविना ओस पडलेल्या शिकागोच्या त्याच मैदानाच्या पश्चिम प्रेक्षागाराखाली 2 डिसेंबर 1942 रोजी भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांनी अणुविभाजनाची पहिली नियंत्रित शृंखलाक्रिया साधली, हा योगायोगही हचिन्स यांच्या दूरदृष्टीच्या खाती उगाच जमा केला जातो.

1969 साली विद्यापीठाने पुन्हा अधिकृत संघ उभा केला, आणि आज तो महाविद्यालयीन स्पर्धांच्या अशा तिसऱ्या श्रेणीत खेळतो की जेथे खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती देण्यास मज्जाव आहे. खेळाडू विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतात आणि फावल्या वेळात खेळतात. हार्पर यांच्या जाहिरातबाजीपेक्षा आणि हचिन्स यांच्या बंदीहुकमापेक्षा ही व्यवस्था निःसंशय अधिक शहाणपणाची आहे, आणि ती 1939 सालीही करता आली असती.